सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस

माझे बाबा चोर आहेत, असं त्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राने त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. विक्रोळीच्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे आणि बाबांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यामुळे मला दोन्ही बाजू नीट ऐकू आल्या.

“माका दिसत नाय म्हणून माझो हत्ती सरकवतंस?” चारकोपहून आवाज आला. “चोर खयचो!” आणि फोन बंद झाला.

मी गॅस बारीक करून बाहेर आले. बाबा बुद्धिबळाच्या पटाकडे बघत बसले होते. त्यांच्या हातात चारकोपच्या काकांचा पांढरा हत्ती होता, आत्ताच मारलेला.

“काय झालं?”

“काय नाय. डाव मोडला.”

हे चारकोपचे काका आणि बाबा एकाच गिरणीच्या विणकाम खात्यात शेजारी शेजारी साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभे असत. दोघांची गावं कोकणात एका व्हाळाच्या, छोट्या ओढ्याच्या, अल्याडपल्याड. बुद्धिबळ दोघेही गिरणीच्या कॅन्टीनमध्ये शिकले. गिरणी बंद झाल्यावर बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले, काका चारकोपला औद्योगिक वसाहतीत. खेळ तुटला नाही. पुढे काकांची नजर काचबिंदूने गेली, तेव्हाही तुटला नाही. काकांनी भोकांचा पट आणला, त्यात सोंगट्या खोचून बोटांनी चाचपत ते खेळायचे, आणि रविवारी सकाळी दहाला फोन लागायचा. इंग्रजी अक्षरांची पद्धत दोघांनाही कधी जमली नाही. त्यांनी पटावरच्या घरांना सरळ एक ते चौसष्ट आकडे दिले होते. “घोडा अठरावर.” “प्यादं सव्वीसवर.” आई गेल्यापासून बाबांचं माझ्याव्यतिरिक्त कुणाशी मनापासून बोलणं व्हायचं ते एवढंच, आठवड्यातून एकदा, आकड्यांत.

भांडण झालं ते असं. काकांनी आपला हत्ती एक्केचाळीसवरून उचलून सत्तेचाळीसवर ठेवला. बाबांनी आपल्या पटावर तो अठ्ठेचाळीसवर ठेवला. आडव्या ओळीतली शेजारशेजारची घरं, दोन्ही मोकळी, हत्ती दोन्हीकडे जाऊ शकतो. अठ्ठेचाळीसवर बाबांच्या उंटाची नजर होती. बाबांनी खुशीत हत्ती मारला, आणि काका म्हणाले, तिथे माझा हत्तीच नाही.

“मग तुम्ही सांगायचं ना, नीट ऐकू आलं नाही म्हणून,” मी म्हटलं.

“माका नीट ऐकू येता,” बाबा म्हणाले. एरवी माझ्याशी ते साधं मराठी बोलतात. मालवणी बाहेर आलं की समजायचं, पारा चढलाय.

पुढच्या रविवारी दहा वाजले, फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बाबांनी पट मांडला, एकटेच दोन्ही बाजूंनी खेळले आणि अकरा वाजता उचलून ठेवला. तिसऱ्या रविवारी त्यांनी तो मांडलाच नाही, आणि मला राग आला. एका हत्तीपायी चाळीस वर्षांची दोस्ती? दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ते शक्य नव्हतं, म्हणून मी बाबांची वही उचलली.

बाबा प्रत्येक डाव वहीत लिहितात. शाळेतली दुरेघी वही, डावीकडे काकांच्या चाली, उजवीकडे स्वतःच्या. मी सहज चाळत होते, आणि एकदम थांबले. डावीकडच्या रकान्यात खाडाखोड होती. उजवीकडे अजिबात नाही. आणि डावीकडची खाडाखोडही सगळी एकाच प्रकारची! अठ्ठावीस खोडून सत्तावीस. अडतीस खोडून सदतीस. अठरा खोडून सतरा. पानामागून पान, जिथे जिथे खाडाखोड, तिथे आठ खोडून सात. सात खोडून आठ असं एकदाही नाही. मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, वही हातात घेऊन, आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले.

आता माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर या आनंदाला अर्थ नाही. मी अंधेरीला एका कंपनीत आहे. एका टोकाकडून पाठवलेली माहिती दुसऱ्या टोकाला जशीच्या तशी पोचते का, हे तपासायचं काम. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, “हिला चुका शोधायचा पगार मिळतो,” आणि ते तसं बरोबरच आहे. तार असो, हवा असो, वाटेत गोंगाट असतोच आणि त्यात शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होतो. मग पाठवतानाच सोबत थोडं जास्तीचं पाठवायचं, ज्याच्यावरून चूक झाली हे कळेल. अजून थोडं जास्त पाठवलं तर चूक कुठे झाली तेही कळतं, आणि मग ती परत न विचारता दुरुस्त करता येते. क्यूआर कोडच्या कागदावर हळदीचा हात लागला तरी तो स्कॅन होतो, तो याच जोरावर. मला हे सगळं कॉलेजात पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरी येऊन आईला अर्धा तास सांगत बसले होते आणि तिने शांतपणे भाजी निवडली होती.

आणि इथे, माझ्याच घरात, दुरेघी वहीत, चुकांची एवढी स्वच्छ नोंद! साधारणपणे चुका कशाही होतात, इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे. या मात्र एकाच दिशेच्या होत्या. सात पाठवला की आठ पोचत होता. आठ पाठवला की आठच. मी मोठ्याने म्हणून बघितलं. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. सत्तावन्न, अठ्ठावन्न. सतरा, अठरा. सात, आठ. परत म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी कळलं. स! पुढचा स गळला की “सत्तेचाळीस”चं “अत्तेचाळीस” होतं, आणि अत्तेचाळीस कुणाच्याही कानाला अठ्ठेचाळीसच वाटणार. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या कानांतून आधी जातात ते हेच बारीक, सुळसुळीत आवाज. इंग्रजीत खेळले असते तर ‘सेव्हन’ आणि ‘एट’मध्ये हा घोटाळा झालाच नसता. ही खास आपली मराठी चूक होती, चौसष्ट घरांत बरोबर सहा जोड्या, आणि काकांचा हत्ती त्यांतल्या एका जोडीत सापडला होता.

मग खाडाखोडीचा अर्थही लागला. बाबांना अडतीस ऐकू यायचं, ते लिहायचे, पटाकडे बघायचे, घोडा अडतीसवर जाऊच शकत नाही हे दिसायचं, आणि ते गुपचूप सदतीस करायचे. बुद्धिबळाचे नियमच त्यांच्यासाठी चुका दुरुस्त करत होते. जिथे दोन्ही घरं चालण्यासारखी, तिथे नियम गप्प बसायचे आणि चूक तशीच आत शिरायची. म्हणजे माझे बाबा, ज्यांना मी मोबाइलची रिंग कशी बदलायची हे दहादा शिकवलं होतं, ते किती तरी रविवार एकट्याने डीकोडिंग करत होते, आणि मला पत्ता नव्हता. मला इतका अभिमान वाटला की मी जाऊन त्यांच्या पाठीत एक थाप मारली. ते दचकले.

खात्री करायची म्हणून त्याच संध्याकाळी मी ओट्याकडे तोंड करून, त्यांना ओठ दिसणार नाहीत असं बघून, विचारलं, “बाबा, सदतीस की काय म्हणाले होते मघाशी टीव्हीवर?”

“अडतीस? कसले अडतीस?”

“आणि सत्तावन्न?”

“अठ्ठावन्न कुठून आले?” आणि मग ते थांबले. मी वळले तर ते माझ्याकडेच बघत होते. “परीक्षा घेतेस माझी?”

मी वही पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं, हातवारे करत, भलत्याच उत्साहात. त्यांनी ऐकून घेतलं. कानाला मशीन लावू या का, असं मी विचारल्यावर त्यांनी मान फिरवली. “खात्यातले सगळे आता मशीन लावून बसलेत. मी नाही लावणार.” मग वही मिटून म्हणाले, “आणि हे कानाबिनाचं चारकोपला न्यायचं नाही. शपथ आहे तुला.”

“अहो, पण एवढं सांगितलं की भांडण संपलं!”

“त्याची नजर गेली. तो कुणाच्या आधाराने खेळतो? माझ्या. आता मीही कामातून गेलो असं त्याला सांगू?”

शपथ मोडायची नाही, मशीन लावायचं नाही आणि दोस्ती तर जोडायची. काम म्हणून बघितलं तर प्रश्न झकास होता, आणि मी तो काम म्हणूनच बघायचं ठरवलं, नाहीतर मला रडूच आलं असतं.

शनिवारी मी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याच्या बसने आणि पुढे रिक्षाने चारकोप गाठलं. काका खुर्चीत ताठ बसून होते, मांडीवर भोकांचा पट. माझा आवाज ऐकताच म्हणाले, “त्येका सांग, हत्ती चोरणाऱ्यावांगडा मी खेळणंय नाय.”

“काका, मला फक्त तो डाव सांगा. पहिल्यापासून, आठवेल तेवढा.”

आठवेल तेवढा काय, त्यांना अख्खा डाव पाठ होता. ते घडाघडा बोलत गेले आणि मी वहीवर बोट ठेवून ताडत गेले. सत्तावीस आला, वहीत खोडलेला अठ्ठावीस होता. सदतीस आला, खोडलेला अडतीस. माझं हृदय धडधडत होतं, परीक्षेचा पेपर सोपा आल्यावर धडधडतं तसं. आणि शेवटी, “हत्ती एक्केचाळीसवरून सत्तेचाळीस,” आणि वहीत अठ्ठेचाळीस, खाडाखोड नाही, स्वच्छ, मनापासून लिहिलेलं.

“काका, बाबांनी चोरी नाही केली. त्यांना अठ्ठेचाळीसच पोचलं. सात पाठवलं की आठ पोचतंय. हे बघा, सगळीकडे तसंच झालंय.” बघा म्हणताच मी जीभ चावली. “म्हणजे, लाइनचा दोष आहे. चारकोप ते विक्रोळी, मध्ये डोंगर, रेंज...”

काकांनी सत्तेचाळीसचं भोक बोटाने चाचपलं. मग विचारलं, “लायन फक्त सातावरच खराब होता काय गो?”

माझे कान गरम झाले. दिवसभर सिग्नल आणि गोंगाट यांच्याशी खेळणारी मी, एवढी भिकार थाप मारत होते. “हो,” मी म्हटलं. “असं होतं कधीकधी.”

“असा,” काका म्हणाले. “तुमचा शिक्षणच मोठा.” आणि मांडीवरचा पट बाजूला ठेवत, “काय ता दुरुस्त कर तुझी लायन. आयतवारी फोन करूक सांग. पण पुढच्या. ह्या नको, माझो राग अजून रवलो हा.”

म्हणजे मला आठ दिवस मिळाले. परतीच्या बसमध्ये मला उभं राहायला जागा होती का बसायला, आठवत नाही. डोक्यात नुसते आकडे.

पहिली कल्पना सगळ्यात सोपी होती. प्रत्येक आकडा तीनदा म्हणायचा, ज्याला बहुमत तो खरा. गोंगाट कधी इथे, कधी तिथे पडत असेल तर हे छान चालतं. मी घरी येऊन पाठमोरी उभी राहिले आणि म्हटलं, “सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस.” बाबांनी लिहिलं, अठ्ठेचाळीस, तीनदा, एकमताने. जो कान दर वेळी तेच अक्षर गाळतो, त्याला शंभरदा सांगून काय उपयोग! मी हसायला लागले. बाबांनाही हसू आलं, नको असताना.

मग आकड्यासोबत बेरीज सांगायची. सत्तेचाळीस, चार आणि सात, अकरा. बाबांना अठ्ठेचाळीस आणि अकरा ऐकू येणार, चार आणि आठ बारा होतात, म्हणजे काहीतरी चुकलं हे लगेच कळणार. पण काय चुकलं? आज सातच आहे, पण उद्या कान दुसरंच अक्षर गाळायला लागला, तर सत्तेचाळीसची बेरीजही अकरा आणि अडतीसचीही अकरा. चूक कळते, सापडत नाही. अशा वेळी समोरच्याला परत पाठव म्हणायचं असतं, जगातली निम्मी यंत्रं तेच करतात. इथे माझं घोडं अडलं. कारण बाबा परत विचारत नाहीत. रिक्षावाला काही बोलला, बाबा मान डोलावतात. डॉक्टर काही बोलले, बाबा मान डोलावतात आणि घरी येऊन मला विचारतात, तो काय म्हणाला. “काय?” हा शब्द त्यांनी कधी सोडून दिला ते मला आठवत नाही, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तो किती दिवसांत ऐकलाच नाहीये.

तेव्हा परत विचारावंच लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. फार लांब गेलेल्या यानाशी बोलताना असंच करतात. परत विचारून उत्तर यायला इतका वेळ लागतो की सुरुवातीलाच असं पाठवायचं, जे अर्धंमुर्धं पोचलं तरी पलीकडे पुरं करता येईल. त्याची युक्ती एकच. शब्द एकमेकांपासून लांब ठेवायचे. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस यांच्यात एका अक्षराचं अंतर, म्हणून एक अक्षर गळलं की तुम्ही थेट शेजाऱ्याच्या घरात. शब्दच असे निवडायचे की एकदोन अक्षरं गळली तरी जवळचं घर एकच उरेल. इंग्रजी ए बी सी डी तर याहून वाईट. बी, सी, डी, ई, जी, सगळी एकाच सुरात.

मंगळवारी ऑफिसात मी डबा उघडला, आत बांगड्याचं तिखलं होतं, आणि मी जेवणाच्या टेबलावर ओरडले. शेजारच्या मुलीने विचारलं, काटा लागला का. नाही गं, उत्तर लागलं!

मासे! पटाच्या आठ उभ्या रांगांना आठ मासे, आठ आडव्या ओळींना आठ फळं. बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील. या दोन माणसांना जगातले कुठलेही शब्द यांच्याइतके पाठ नसतील. सुरमईचा स गळला तर उरते उरमई, आणि उरमई दुसरी कोण असणार? घरी येऊन मी बाबांच्या समोर यादी ठेवली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आकड्यांच्या परीक्षेला कंटाळलेला माणूस एकदम खुर्ची ओढून बसला.

“रेणवे घे.”

“घेतले. पेडवेही घेतलेत.”

मग चाचणी. मी मिक्सर चालू केला, पाठ केली आणि ओरडत सुटले. बाबा लिहीत सुटले. पहिल्याच फेरीत पेडव्यांचे रेणवे झाले. “रेणवे काढा,” मी म्हटलं. “पेडवे काढ,” बाबा म्हणाले, “रेणवे कशाला?” यावर दहा मिनिटं वाद झाला. शेवटी रेणवे गेले, तारली आली. फळांत अननस आणि फणस एकमेकांत घुसले. अननस काढून पेरू घातला. जुन्या सात आणि आठच्या रांगा आता तारली आणि मोरी होत्या, आणि तारलीची मोरी कुठल्याच कानाने केली नाही. गुरुवारपर्यंत मिक्सर, नळ आणि टीव्ही तिन्ही चालू ठेवून मी चौसष्टच्या चौसष्ट घरं ओरडले आणि बाबांनी चौसष्टच्या चौसष्ट बरोबर लिहिली. मी वहीचं पान डोक्यावर धरून नाचले. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की आज मासे कुठे स्वस्त मिळाले.

काकांना मी फोनवर शिकवलं. त्यांना एकदा सांगितलं की झालं. “आता डाव खेळूचो की बाजार करूचो?” म्हणाले, पण आवाजात हसू होतं. लाइन कशी दुरुस्त झाली, याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

रविवारी पावणेदहापासून बाबा फोनजवळ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. फोनवर शर्ट कोण बघणार, असं मी म्हटलं नाही. दहाला त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडून उचलला गेला. मी पडद्याआड उभी.

“प्यादा,” काका म्हणाले. “बोंबील-नारळ.”

“बोंबील-नारळ,” बाबा म्हणाले आणि सोंगटी ठेवली. “माझं प्यादं. बोंबील-जांभूळ.”

आणि सुरू झालं! पहिली पाच मिनिटं जपून, मग दोघेही रंगात आले. घोडा कोळंबी-फणस. उंट सुरमई-करवंद. काकांनी एक चाल सांगताना तोंडाला पाणी सुटल्याचा आवाज काढला. बाबांनी मोहरा मारताना “पापलेट सोलून ठेवलंय तुझं” असं सांगितलं. पंचवीस चाली झाल्या, एकही चूक नाही. माझा कोड चालत होता! ऑफिसात माझं काम जगभर कुठेकुठे जातं म्हणे, पण ते चालताना मी कधी असं समोर बघितलं नव्हतं, दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून, मासळीच्या वासासकट. त्या आनंदात मी डाळभाताचा कुकर चढवला आणि परत पडद्याशी आले.

डाव आता चिकटला होता. बाबांचा राजा शेवटच्या ओळीत प्याद्यांच्या मागे दडून होता. काका बराच वेळ विचार करत होते, पटावर त्यांची बोटं फिरत असल्याची खुसखुस फोनमधून येत होती. मग ते बोलले, आणि नेमकी त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, घर भरून. मीच लावलेल्या कुकरची. शिट्टी थांबली तेव्हा काका बोलून संपले होते.

एक अक्षर गळलं तर माझा कोड होता. दोन गळली तरी होता. इथे मासा, फळ, मोहरा, सगळंच वाहून गेलं होतं. सलग एवढं गेलं की पलीकडचा कितीही हुशार असो, त्याच्याकडे जोडायला काही उरतच नाही. मलाही काही ऐकू आलं नव्हतं, म्हणजे खूण करून सांगायचीही सोय नाही. बाबांनी पटाकडे बघितलं. काकांच्या वजिराला, हत्तीला, घोड्याला मिळून डझनभर जागा होत्या. बाबांचा हात घोड्याकडे गेला, मग हत्तीकडे, आणि मी मनात म्हटलं, नको, बाबा, अंदाज नको. आज नको. यातला एक चुकला की हा फोन परत कधी लागणार नाही.

“फोनवर आसंस मां?” काकांनी विचारलं.

बाबांनी हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे तोंड नेऊन, फोनशिवायही चारकोपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “काय? परत सांग रे. माका आयकाक येणा नाय.”

पलीकडची खुसखुस थांबली. मला वाटलं, लाइन गेली. खरीच.

“कुकर होतो,” काका म्हणाले. “माका पण आयकाक इलो.”

“कुकराचा नाय सांगणंय,” बाबा म्हणाले. “माका आताशा आयकाकच येणा नाय. तुझो सात माका आठ लागता. त्या दिवशीचो हत्ती सत्तेचाळीसवरच होतो.”

हे बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

“माका ठावक हा,” काका म्हणाले. “साच्यावर तुझ्या बाजूक मी उभो होतंय मरे, की आणखी कोण? चार वर्सां झाली, मी बोलतंय एक आणि तू हसतंस भलत्याच गोष्टीर. मी वाट बघतंय, आज सांगतलो, उद्या सांगतलो. हत्तीचो राग नव्हतोच माका. मी तुका तोंडावर चोर म्हटलंय रे! आणि तू चोर म्हणान घेतलंस, पण आयकाक येणा नाय असा एकदा सांगूक नाय तुका होवला. मी आंधळो झालंय तेव्हा पयलो फोन कोणाक केलंय?”

“माका.”

“मग?”

बाबांनी डोळे पुसले नाहीत, मी पुसले. “आता सांगलंय मां,” ते म्हणाले. “बोल तुझी चाल. सावकाश.”

“वजीर,” काका म्हणाले, एकेक शब्द ताटात वाढावा तसा. “पापलेट. सुपारी.”

“पापलेट-सुपारी,” बाबांनी परत म्हटलं आणि काकांचा वजीर उचलून शेवटच्या ओळीत ठेवला. मग ते पटाकडे बघतच राहिले. राजाच्या पुढे त्यांचीच तीन प्यादी, बाजूची घरं वजिराच्या माऱ्यात, मध्ये घालायला काही नाही. डाव संपला होता.

“मात हा रे!” ते ओरडले. “मी हरलंय!” आणि इतक्या मोठ्याने हसले की कुकरची दुसरी शिट्टी कधी झाली ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.